आधी घास, मग सल्ला. आणि दोन्ही हक्काने



जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना निसर्गाने काय कमी दिले आहे? कुकडी प्रकल्पाची डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही पाचही धरणे याच मुलुखात उभी आहेत. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आणि मंचरचा कांदा-बटाट्याचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. खोडदला तर अवकाशाच्या पलीकडून येणाऱ्या लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण बसविलेली आहे. आकाशातील ताऱ्याची हाक ऐकण्याची सोय ज्या मुलुखात झाली, त्याच मुलुखात घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून दीड वर्षाचे मूल भिंतीला धरूनही उभे राहू शकत नाही, आणि त्याची हाक कोणाच्या कानी जात नाही, ही गोष्ट आपणास लाजिरवाणी वाटत नाही काय?

ही माझ्या मनाची कल्पना नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि दर शंभरांत २५ हून अधिक मुले उंचीच्या मानाने रोड आढळली. हे प्रगत म्हणविणाऱ्या राज्याचे आकडे आहेत. खुजेपण म्हणजे केवळ बुटकेपण नव्हे. मुलाच्या मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या दोन वर्षांत होत असते. ती वाढ खुंटली, तर पुढे शाळा, शिष्यवृत्ती आणि राखीव जागा ही सारी दारे उघडी असूनही त्या मुलास आत पाऊल टाकणे जड जाते. आपण पिढ्यान्पिढ्या झगडून जे दार उघडले, ते पाळण्यातच बंद होत असेल, तर त्याचा विचार आपण नाही करावयाचा तर कोणी करावयाचा?

मी व्यवसायाने वकील आहे. जुन्नर आणि घोडेगाव येथील न्यायालयांत मी पक्षकारांची बाजू मांडतो. दोन वर्षांपूर्वी एका कामानिमित्त डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या एका वाडीत गेलो असता, अंगणवाडीच्या ओट्यावर मी एक प्रसंग पाहिला. तपासणीस आलेल्या एक बाई वजनाचा तक्ता हातात धरून एका तरुण आईला सर्वांसमोर विचारीत होत्या, "इतकं सांगूनही तुला कळत कसं नाही? पाकीट दिलं होतं ना? पोराला दिवसातून चार वेळा भरवायला काय झालं?" ती आई थोडा वेळ खाली मान घालून उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, कळतंय मला. पर भरवू कवा? कोंबडं आरवायच्या आधी जीप येती, नारायणगावला तोडणीला जाती. दिवस मावळला की माघारी येती. पोर तिच्या बहिणीपाशी असतं, ती आठ वर्साची हाय." बाईंनी तक्त्यावर काहीतरी लिहिले आणि पुढचे नाव पुकारले. काय लिहिले ते मी डोकावून वाचले: "मातेस समुपदेशन केले."

वाचकहो, त्या तीन शब्दांवरच मला आज बोलावयाचे आहे.

न्यायाचे एक आद्य तत्त्व असे आहे की, दुसरी बाजू ऐकल्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये. त्या ओट्यावर त्या आईवर खटला चालला, आरोप ठेवला गेला, शिक्षा म्हणून चारचौघांत अपमान झाला, आणि तिने आपली बाजू मांडली ती निकालपत्रात उतरलीच नाही. याला समुपदेशन म्हणावयाचे, तर मग दटावणी कशाला म्हणावयाचे? मूल रोड झाले की आईला अडाणी ठरविणे ही आपल्याकडील जुनी खोड आहे. पूर्वी आमच्या दारिद्र्याचे कारण आमच्या पूर्वजन्मीच्या कर्मात शोधले जात असे. आज आमच्या मुलांच्या रोडपणाचे कारण आमच्या स्त्रियांच्या अज्ञानात शोधले जाते. शब्द बदलले, आरोपी तोच राहिला.

परंतु एवढे बोलून मी थांबलो, तर तो तुमच्याशी अप्रामाणिकपणा होईल. कारण आपल्याच चळवळीतील काही मंडळी याच्या नेमके उलट टोक गाठतात. ती म्हणतात, "गरिबाला ज्ञान कसले शिकविता? त्याला मजुरी द्या, धान्य द्या, म्हणजे झाले. पोट भरलेल्यांनी उपाशी माणसास आहारावर व्याख्यान देणे हीच मुळी क्रूर थट्टा आहे." हे बोलणे ऐकावयास गोड आहे, टाळ्याही मिळवून देते. पण ते अर्धसत्य आहे, आणि या अर्धसत्याची किंमत बोलणारा मोजीत नाही, मूल मोजते.

सहा महिन्यांच्या मुलाचे पोट केवढे असते? त्याच्या इवल्याशा मुठीएवढे. त्यात आपण भाताची पातळ पेज किंवा वरणाचे वरचे पाणी ओततो. पोट भरते, मूल निजते, आईला समाधान वाटते. पण त्या पाण्यात अंग धरण्याजोगे असते काय? तीच पेज घट्ट केली, चमच्यावरून ओघळून न जाण्याइतकी, तीत कुस्करलेली डाळ, चमचाभर तेल, शेवग्याचा कोवळा पाला, कधी अंडे, कधी भाजून कुटलेली सुकट घातली, तर तेवढ्याच घासांत कितीतरी अधिक सत्त्व जाते. सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. सहा महिने पुरे होताच मऊ घट्ट अन्न दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. आणि आजारात अंगावरचे दूध व अन्न बंद न करता थोडे थोडे पण वारंवार देणे: एवढी ही विद्या आहे. ती श्रीमंताच्या घरीही उपजत नसते. भारतात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरांत बाराही भरत नाहीत, असे त्याच पाहणीत दिसले. ज्या घरांत धान्याच्या कोठ्या भरलेल्या आहेत, ती घरे काय या देशात शंभरांत बाराच आहेत? म्हणजे अन्न असूनही मुलाच्या तोंडी न जाणे, हाही एक रोग आहे आणि त्यावर ज्ञान हेच औषध आहे.

याचा पुरावा हवा असेल तर दूरच्या एका देशाकडे पाहा. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात त्रुहियो नावाच्या शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत सरकारी दवाखान्यांतून मातांना आहाराचा सल्ला नीट, एकसारखा आणि वारंवार देण्यात आला. सल्ला साधा होता: घट्ट अन्न द्या, कोंबडीचे काळीज, अंडे अथवा मासा द्या, मूल खात नसेल तर माया लावून भरवा. अन्न वाटले नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे असा सल्ला मिळाला तेथे दीड वर्षाच्या मुलांत खुजी मुले शंभरांत ५ होती. जेथे मिळाला नाही तेथे १६ होती.

पण आता आपल्याच देशातील दुसरा पुरावाही ऐका, म्हणजे निकाल एकतर्फी होणार नाही. झारखंड आणि ओडिशातील ग्रामीण भागात, जेथे आदिवासींची वस्ती मोठी आहे, प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन मातांशी बोलण्याचा आणि महिन्यातून एकदा स्त्रियांची बैठक भरविण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या ताटातील विविधता वाढली, कमी वजनाची मुले घटली, तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी झाले. मात्र मुलांच्या उंचीत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. या दोन्ही प्रयोगांचे तात्पर्य एकच आहे. जेथे घरात अंडे विकत घेण्याची ऐपत आहे, तेथे सल्ला पुष्कळ काम करतो. जेथे डबाच रिकामा आहे, तेथे सल्ला जीव वाचवितो, पण खुंटलेली वाढ एकट्याने भरून काढीत नाही. तेथे सल्ल्याबरोबर घासही हवा.

ही गोष्ट तथागतांनी फार पूर्वी ओळखली होती. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची एक कथा आहे. एका गरीब माणसाचा बैल हरवला. तो दिवसभर रानोमाळ हिंडला आणि भुकेने व्याकूळ होऊन उपदेशाच्या सभेत येऊन बसला. सारी सभा प्रवचनाची वाट पाहत होती. भगवान बुद्धांनी आधी त्या माणसास जेवू घालावयास सांगितले. तो जेवला, मगच उपदेशास आरंभ केला. भिक्षूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेल्या माणसास धम्म समजत नाही, असे त्यांनी त्यांना समजाविले. या कथेत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. त्यांनी उपाशी माणसास उपदेश केला नाही. आणि जेवू घालून तसेच परत पाठविलेही नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी पहिली गोष्ट शिकावी. आपल्या टाळ्याखाऊ वक्त्यांनी दुसरी शिकावी.

आता कायद्याचे पाहू. जुन्नरच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्या प्राचीन उपासकांच्या दातृत्वाबद्दल आपणास आदरच आहे. पण दान आणि हक्क यांत भेद आहे. दान देणाऱ्याच्या मनावर असते. हक्क मागणाऱ्याच्या हातात असतो. अंगणवाडीत मिळणारा आहार आणि तेथे मिळणारा सल्ला ही दाने नव्हेत.

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. सर्वोच्च न्यायालयात २००१ साली अन्नाच्या हक्काचा जो खटला दाखल झाला, त्यात १३ डिसेंबर २००६ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, एकात्मिक बालविकास योजनेच्या सर्व सेवा सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेपर्यंत आणि किशोरवयीन मुलीपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. आणि त्या सेवांत पूरक आहाराच्या जोडीला पोषण व आरोग्य शिक्षणाचाही नावानिशी उल्लेख केला. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना नव्या अंगणवाड्या देताना अग्रक्रम द्यावा, असेही त्यात म्हटले. त्यापूर्वी ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात, अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, हे काम शक्यतो गावचे बचत गट व महिला मंडळे यांच्याकडे द्यावे, असे बजावले होते. तो खटला पुढे निकाली निघाला. परंतु तोवर संसदेने २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला होता.

त्या कायद्याचे चौथे, पाचवे आणि सहावे कलम प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहून लावण्याच्या योग्यतेचे आहे. गरोदरपणी आणि प्रसूतीनंतर सहा महिने आईला अंगणवाडीमार्फत मोफत आहार; सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलास वयानुरूप मोफत आहार; कुपोषित मुलांना हुडकून काढून त्यांना मोफत आहार देणे ही राज्य सरकारची जबाबदारी; आणि सहा महिन्यांखालील मुलाबाबत निव्वळ स्तनपानास उत्तेजन देणे, हेही कायद्याचेच शब्द आहेत. उत्तेजन द्यावयाचे म्हणजे काय? आईजवळ बसावयाचे, तिची अडचण ऐकावयाची, तिला दाखवून शिकवावयाचे. म्हणजे सल्ला ही कोणा बाईंची मर्जी नसून कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. ते कर्तव्य दटावणीने पार पडत नाही.

चौथ्या कलमात आणखी एक गोष्ट आहे: गरोदर व स्तनदा मातेला कमीत कमी ६,००० रुपयांचा प्रसूती लाभ. आता योजना पाहा. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यास ५,००० रुपये मिळतात; दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० मिळतात. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. कायद्याने प्रत्येक मातेस जे दिले, ते योजनेने अपत्याचा क्रमांक आणि लिंग पाहून कापले! १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, प्रसूतीपूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. त्यास जवळजवळ शंभर वर्षे होत आली. नारायणगावच्या मजूर बाजारात पहाटे उभी राहणारी ओली बाळंतीण पाहा आणि सांगा, ती विश्रांती कोणाच्या वाट्यास आली?

अंड्याचीही तीच गत. आदिवासी भागातील अंगणवाड्यांसाठी २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना निघाली. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि पुढे मुलांना अंडी किंवा केळी देण्याची तीत तरतूद झाली. ही चांगलीच गोष्ट होती. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले, तेव्हा काहींचा धर्म बुडू लागला. आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी सरकारने बंद केला. जो अंडे खात नाही त्याने केळे घ्यावे. आमची ना नाही. पण स्वतःच्या ताटाचा नियम दुसऱ्याच्या मुलाच्या ताटावर लादण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? गरिबाच्या मुलास चार पैशांत मिळणारे इतके चांगले अन्न दुसरे कोणते आहे?

येथवर आपण सरकारला जाब विचारला. आता स्वतःस विचारू. हा भाग वाचताना काहींना राग येईल. त्यांनी माझ्यापासूनच आरंभ करावा. माझे पहिले अपत्य जन्मले, तेव्हा माझी कायद्याची पदवी चौकटीत घालून भिंतीवर टांगलेली होती. त्याच भिंतीखाली बाळंतिणीचे पहिले पिवळे दूध 'जड असते' म्हणून पिळून टाकण्यात आले आणि बाळास मधाचे बोट चाटविण्यात आले. मी पाहत होतो आणि काही बोललो नाही. ते पहिले दूध ही बाळाची पहिली लस असते, हे मला पुढे कळले. न्यायालयात तासन्तास बोलणारा मी, घरात सल्ला देण्याइतके शिकलेलो नव्हतो.

आपण धम्मदीक्षा घेतली, देव्हारा विसर्जित केला, नवस-सायास सोडले. पण पंगत बदलली काय? आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी तवा खरवडून सून, हा जेवणाचा क्रम कोणत्या धम्मात सांगितला आहे? समतेची प्रतिज्ञा आपण मैदानात घेतली आणि चुलीपाशी विसरलो. 'गर्भारपणी फार खाऊ नये, बाळ मोठे झाले तर अडेल' असे सांगून आपणच गर्भवतीचा घास कमी करतो. बाळास दात आले की त्याच्या हाती चहात बुडविलेले बिस्किट देतो आणि त्यास कौतुक म्हणतो. शेजारच्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधवांच्या घरी नाचणी, वरई, रानातल्या भाज्या, ओढ्यातले खेकडे-मासे हे परंपरेचे अन्न आहे. त्यास 'गरिबीचे खाणे' म्हणून हिणविण्यात आपणही मागे नसतो आणि दुकानातले रंगीत पुडके प्रतिष्ठेचे मानतो. हे सारे सरकारने केलेले नाही. हे बदलावयास कोणत्याही आदेशाची गरज नाही.

यास्तव माझे सांगणे थोडक्यात असे.

पहिले: आहाराचा सल्ला एकट्या आईस देऊ नका, सासूस, नवऱ्यास आणि मूल सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीसही द्या. ज्याच्या हाती बाजाराची पिशवी आणि मजुरीचे पैसे, त्यानेच बैठकीस येऊ नये, हे कसे चालेल? विहारात वंदना झाल्यावर महिन्यातून एकदा अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना सन्मानाने बोलवा. त्या आपल्याच लेकी-बाळी आहेत. तुटपुंज्या मानधनावर नोंदवह्यांचे ओझे वाहणाऱ्या आहेत. त्यांच्याशी भांडू नका; त्यांच्यासाठी भांडा. बैठक मजूर स्त्रिया परत आल्यावर, संध्याकाळी भरवा. घट्ट पेज प्रत्यक्ष शिजवून दाखवा. डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाही.

दुसरे: आपल्या मुलाचा वाढीचा तक्ता पाहण्याचा हक्क तुम्हांस आहे. दरमहा वजन झाले काय, ते वाढले काय, हे विचारा. वजन दोन महिने तेच राहिले तर वाट पाहू नका.

तिसरे: आहार मिळत नसेल, निकृष्ट मिळत असेल, वस्तीत अंगणवाडी नसेल, तर तोंडी तक्रार करू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. हक्काचा आहार न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या आठव्या कलमात आहे. पंधराव्या कलमानुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर सोळाव्या कलमानुसार राज्य अन्न आयोग आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. तेथे हा विषय मांडा. पोच नसलेला अर्ज न्यायालयात मुका असतो, हे एका वकिलाचे बोल ध्यानात ठेवा.

चौथे: जेथे मजूर स्त्रिया पहाटे जातात, तेथे पाळणाघराची मागणी करा. त्या वाडीतल्या आईला ज्ञान कमी नव्हते. तिला वेळ नव्हता आणि मुलास जपणारा मोठा हात नव्हता. ते न देता तिला पुन्हा पुन्हा तेच सांगणे म्हणजे बुडत्या माणसास पोहण्याचे पुस्तक वाचून दाखविणे होय.

आणि शेवटचे: आज रात्री घरात ताटे वाढाल, तेव्हा आधी गरोदर सुनेचे, तान्ह्याच्या आईचे आणि लहान लेकरांचे ताट वाढा, मग तुमचे. हा बदल करावयास ना निधी लागतो, ना शासन निर्णय. तो करून मग सरकारी कचेरीत जा. ज्याने आपल्या घरात न्याय केला आहे, त्याच्या आवाजाला तेथे वेगळेच वजन येते.

जय भीम.